खटक्याचा पेन ड्राइव्ह की लॉकवालं एसडी कार्ड?

अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की व्हायरस फुकट मिळतो, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. त्यावर उपाय म्हणजे लिखाण बंद करणारा, म्हणजे आत नवं काही उतरूच न देणारा खटका.

स्वस्त मार्ग एसडी कार्डाचा. त्याच्या कडेला सरकणारी छोटी पट्टी असते. पण गोम अशी की ती पट्टी कार्डातल्या सर्किटला जोडलेलीच नसते. ती कुठे आहे हे कार्ड रीडरने, म्हणजे ज्यात कार्ड घालतो त्या यंत्राने पाहायचं आणि लिहिणं थांबवायचं. काही रीडर तिकडे बघतही नाहीत, म्हणजे दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी, कडी मात्र नाही! मायक्रोएसडीला तर पट्टीच नसते, ती अ‍ॅडॉप्टरवर.

नेटॅक यू३३५ किंवा कांगारूच्या फ्लॅशब्लूसारख्या पेन ड्राइव्हमध्ये खटक्याची दखल आतला कंट्रोलरच, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिपच घेते, त्यामुळे कॉम्प्युटर कुठलाही असो, लिखाण नाकारलं जातं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत विचारून बघा, पण बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागेल. महाग पडतो, तरी परक्या मशीनसाठी मी हाच घेईन. घरच्या कॅमेऱ्यातले फोटो चुकून पुसले जाऊ नयेत एवढंच हवं असेल, तर कार्ड पुरे.

घेतल्यावर खटका लावून एखादी फाइल टाकून बघाच.