खारीमागे नऊ महिने: जुन्या ७०-३०० लेन्सचा अनुभव

गेल्या गणपतीत कुडाळला घरी जाताना कोल्हापुरात एका दुकानातून ७०-३०० मिमीची लेन्स घेतली. जुनी, साडेनऊ हजारांना. आता मिरग दारात आलाय आणि लेन्स डब्यात गेलीय, म्हणून लिहायला बसलो.

घेतली तेव्हा डोक्यात फक्त लांब पल्ला होता. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे छोट्या सेन्सरचा, त्यामुळे ३०० चे हिशेबाने ४५० होतात. वाटलं, परसातली पोफळ काय नि फणस काय, सगळं हाताशी. प्रत्यक्षात पल्ला कधी कमी पडला नाही. कमी पडला तो उजेड. ३०० ला ही लेन्स एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) आणि आमच्या परसात सकाळी आठ-साडेआठपर्यंत ऊनच उतरत नाही. खारीला गोठवायचं तर शटर निदान १/१००० सेकंदाचं लागतं. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ३२०० च्या खाली येत नाही आणि फोटोत दाणे येऊन पाठीवरचे तीन पट्टे रवा कालवल्यासारखे दिसतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझ्या हाताचा कंप थांबवतं, खारीचा नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिले दोन महिने १/२०० वर वाया गेले नसते.

फोकसचं रडगाणं वेगळंच. फणसाच्या पानांत खार दिसली की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत घरघरत जाते, परत येते, तोवर फांदी रिकामी. यावर उपाय सापडला तो गडग्यावर, म्हणजे परसाच्या दगडी कुंपणावर. खार रोज त्याच चिऱ्यांवरून धावते आणि एका ठरावीक कोपऱ्यावर थांबून शेपटी झटकत ओरडते. प्रत्येक चिरकीला एक झटका. मी त्या कोपऱ्यावर आधीच फोकस धरून ठेवतो, मधला एकच बिंदू. कॅमेरा चार किलो तांदळाच्या पिशवीवर, गडग्याच्याच उंचीला, आणि मी खाली बसलेला. उभ्याने काढलेल्या फोटोत खार उंदरासारखी दिसते. डोळ्याच्या पातळीवर आलं की तिला चेहरा येतो.

आजीने हे सगळं दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, चानी बगूक कॅमेरो कित्याक व्हयो?" चानी म्हणजे खार. उत्तर नव्हतं.

माझा सगळ्यात चांगला फोटो मात्र पडवीत मिळाला. मार्चमध्ये एक खार दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर येऊन बसली. पुढच्या दोन पायांनी धागा ओढायचा, दातांनी तोडायचा, गोळा करून तोंडात कोंबायचा. पाच मिनिटांत तिला दोन्ही बाजूंनी झुपकेदार मिशा आल्या. मग ती भिंतीवरून वर, पत्र्याखालच्या वाशात. मी हात पुढे केला असता तर लागली असती इतकी जवळ, आणि तिथेच लेन्सने दगा दिला, कारण दीड मीटरच्या आत ती फोकसच करत नाही. ढुंगणावर सरकत सरकत मागे गेलो, तेव्हा कुठे मिशा स्पष्ट झाल्या. आईचं पायपुसणं गेलं ते गेलंच.

सुरुवातीला शेंगदाणे ठेवायचो. बंद केले. एक तर सगळे फोटो सारखेच, दाणा धरलेली खार. दुसरं म्हणजे शेजारचं मांजर त्या जागेवर दबा धरायला लागलं. आता सावलीत करवंटीत पाणी ठेवतो. त्यावर बुलबुल, दयाळ, साळुंक्या येतात आणि एप्रिलच्या दुपारी खार शेजारच्या चिऱ्यावर चारी पाय पसरून पोटावर पडते. शिंजिरासाठी, म्हणजे फुलातला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यासाठी, जास्वंदीपाशी थांबतो. नर उन्हात वळला की जांभळा चमकतो, नाहीतर नुसता काळा ठिपका.

चूक माझी, पण सांगतो. पहिल्याच ऑक्टोबरात लेन्स चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवली. दिवाळीत बघतो तर पुढच्या काचेच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी. साफ करायला बाराशे गेले. तेव्हापासून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवतो. जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर परतून घेतो. कोकणात राहणाऱ्याने लेन्सच्या किमतीत हा डबा धरूनच हिशेब करावा.

शेकरूसाठी ही लेन्स घेऊ नका. आंबोलीला नेली होती. राज्यप्राणी झाडाच्या शेंड्यावर, मधे पानं, आकाश पांढरं. एक्स्पोजर वाढवूनही फोटोत आली ती लांब शेपटीची सावली. परसासाठी मात्र घ्या. ३०० च्या टोकाला ती जरा मऊ पडते, म्हणजे फोटो तितका रेखीव येत नाही, मी २५० च्या आसपास आणि ऊन असेल तर एफ ८ वर थांबतो. नऊ महिन्यांत चार हजारांवर फोटो, त्यातले ठेवण्यासारखे साठ असतील. विकायची आहे का, असं एका मित्राने विचारलं. वाशात काथ्या अजून हलतोय, पावसानंतर बघू म्हटलं.