गोगलगायींच्या टाकीसाठी टायमरवाला एलईडी दिवा: उजेडाला पैकीच्या पैकी, काळोखाला काठावर पास

हा दिवा विकला जातो पोवळ्यांचे रंग खुलवण्यासाठी. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पोवळी नाहीतच, फक्त सेरिथ आणि टर्बो गोगलगायी. त्यामुळे रंगांबद्दल काही विचारू नका.

आवडलेली गोष्ट म्हणजे दिवस उगवण्याची आणि मावळण्याची वेळ वेगवेगळी लावता येते, तीही मिनिटांच्या हिशेबात. चौदा तासांचा दिवस हळूहळू दहा तासांवर आणला, तशी सेरिथची रात्रीची भटकंती लांबत गेली. दिवसभर वाळूत गाडून घेणारी ही मंडळी दिवा विझायच्या जरा आधीच काचेवर चढू लागतात. मंद होणारा उजेड पाहून चढत असतील म्हणून मी मावळतीचा सावकाश मंदपणा बंद करून पाहिला, तरी तेच. म्हणजे वेळ त्यांना आतून कळते.

यात नवल नाही. अॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीचा डोळा शरीराबाहेर काढून अंधारात ठेवला, तरी त्याच्या मज्जातंतूतले संकेत जवळपास २४ तासांच्या लयीत कमी-जास्त होत राहतात, हे जॉन जॅकलेट यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं. बुला या निशाचर गोगलगायीच्या बाबतीत तर १९९३ मध्ये डोळ्यातली एकेक पेशी सुटी करून पाहिली, तीही लय धरून होती! अशी घड्याळं रोजच्या उजेड-अंधारावर जुळवून घेतात. रात्रीच्या सुरुवातीला उजेड पडला तर मागे पडतात, पहाटेकडे पडला तर पुढे सरकतात.

म्हणूनच या दिव्याचा ‘चांदणं’ मोड मला खटकतो. कमीत कमी पातळीवरही निळा उजेड उरतोच, पूर्ण बंद करायची सोयच नाही. खऱ्या चंद्राला निदान अमावस्या तरी असते! शेवटी निळ्या एलईडींवर काळी टेप चिकटवली. त्याहून वाईट म्हणजे वीज गेली की दिव्याचं घड्याळ पुन्हा बारावर येतं आणि टाकीत भलत्याच वेळी दुपार होते. आत बॅटरीचा एक सेल बसवला असता तर काय बिघडलं असतं?

नुसत्या टर्बो असतील तर साधा टायमर पुरे, माझ्या टर्बोंमध्ये तरी मला काही फरक दिसला नाही. सेरिथसारखे निशाचर पाळत असाल तर घ्या, पण सोबत काळी टेप आणि छोटा यूपीएसही घ्या. पाचपैकी साडेतीन.