पायलेथला सायकलच्या फ्रीव्हीलची किक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पायाने चालवायच्या लाकडी लेथवर काम करणाऱ्याला एका गोष्टीची कटकट रोजची असते. चाक थांबतं आणि नेमकं अशा जागी थांबतं की पायपट्टी कितीही दाबली तरी हलत नाही. क्रँकची (चाक फिरवणाऱ्या वाकड्या दांड्याची) पिन, चाकाचा मध्य आणि पायपट्टीला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड एका ओळीत आले की पाय फुकट. हेच डेड सेंटर. (टेलस्टॉकमधल्या, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणाऱ्या भागातल्या, न फिरणाऱ्या टोकालाही लेथवाले डेड सेंटरच म्हणतात. इथे सगळीकडे क्रँकचं डेड सेंटर धरावं.) मग हातातलं गाऊज (गोल धारेची पटाशी) खाली ठेवायचं, वाकून चाकाला धक्का द्यायचा, पाय पट्टीवर आणायचा आणि पुन्हा हत्यार उचलायचं. लाख लावताना तर हे हमखास होतं. कांडी दाबली की चाक मंदावतं, थांबतं, आणि लाख तिथेच थिजते.

यावर बसवलेला उपाय म्हणजे सायकलचं १८ दाती फ्रीव्हील (एकाच दिशेने ओढणारं, उलट मोकळं फिरणारं दातेरी चाक), हातभर साखळी, एक स्प्रिंग आणि जमिनीलगत एक छोटं किकपेडल. स्कूटरच्या किकचंच तत्त्व. आठ महिने जवळजवळ रोज वापरल्यावर काय टिकलं, काय बिघडलं आणि काय बदलावं लागलं, ते लिहितो.

आधी लेथचं माप, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. बिडाचं फ्लायव्हील २४ इंची, वजन ३५ किलो, त्यातलं बहुतेक कडेला. क्रँकची पिन मध्यापासून ७५ मिमी. शाफ्ट २० मिमी, दोन पी २०४ ब्लॉक बेअरिंगांवर. हेडस्टॉकची (लाकूड फिरवणाऱ्या डाव्या भागाची) पट्ट्याने फिरणारी पुली ४ इंची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला लाकडाचे सहा. पाय मिनिटाला ९० च्या लयीत पडला की लाकूड ५४० ला फिरतं.

किक कुठे जोडायची, यावर सगळं अवलंबून आहे. पायपट्टीला स्प्रिंग बांधून ती वर ओढून धरायची, म्हणजे चाक आपोआप पुढे सरकेल, असा सल्ला बरेच जण देतात. तो चालत नाही. स्प्रिंग पट्टीला ओढते, पट्टी रॉडला ढकलते, आणि डेड सेंटरला रॉडचा जोर सरळ चाकाच्या मध्यातून जातो. फिरवायला काहीच उरत नाही. रॉडमधून येणारी कुठलीही ताकद, पायाची असो की स्प्रिंगची, या एका जागी सारखीच निकामी. डेड सेंटरपासून ५ अंश पुढे गेलं तरी पूर्ण जोराच्या जेमतेम ९ टक्के हाती लागतात, १० अंशांवर १७, आणि ४० अंशांवर एकदम ६४. म्हणून मदत रॉडला वगळून थेट शाफ्टला किंवा चाकालाच मिळायला हवी, आणि चाक निदान ४० अंश पुढे जायला हवं. मोठ्या वाफेच्या इंजिनांच्या फ्लायव्हीलला कडेने दाते किंवा भोकं ठेवत, ती याचसाठी. पहारीने किंवा छोट्या बारिंग इंजिनाने आधी चाक हलवायचं, मग वाफ सोडायची. रेल्वे इंजिनात दोन बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत बसवतात, म्हणजे एक अडला तरी दुसरा पूर्ण जोरात असतो. एका पायाच्या लेथला ती सोय नाही.

आता जोडणी. फ्रीव्हील शाफ्टच्या डाव्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकच्या बाजूला, तोंड बाहेर करून बसवायचं. ही बाजू चुकली तर सगळं चुकलं. लेथवर लाकडाचा वरचा भाग कातणाऱ्याकडे येतो. तेच फिरणं डाव्या टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दिसतं, आणि सायकलचं फ्रीव्हील त्याच दिशेने ओढतं. उजव्या टोकाला बसवलं तर ते चाकाला उलटं ओढेल. डाव्या टोकाला प्रत्येक किकेबरोबर फ्रीव्हील आट्यांवर आणखी घट्ट होत जातं, हाही फायदा. चाकावरून पुलीवर सरळ चढवलेल्या खुल्या पट्ट्याचंच हे गणित आहे. पट्टा तिढा देऊन चढवला असेल तर बाजू उलटी धरा.

फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच, २४ टीपीआय (एका इंचात २४ आटे). एवढे बारीक आटे पाडून द्यायला बरेच टर्नर कंटाळा करतात. जुना लोखंडी मागचा हब भंगारात मिळतो. त्याचा आट्यांचा भाग कापून, आतून बोअर करून, २० मिमी भोकाच्या बुशवर (शाफ्टवर बसणाऱ्या नळीवर) वेल्ड करून घेतला की काम भागतं. वेल्डिंगनंतर बुश लेथवर धरून आट्यांचा भाग गोल फिरतो का, ते डायल गेजने तपासून घ्या. अर्धा मिमी फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर साखळी एका जागी ताणते आणि एका जागी ढिली पडते.

साखळी साधी, अर्ध्या इंची. ती फ्रीव्हीलवरून टाकायची. पुढचं टोक खाली किकपेडलला आणि मागचं टोक मागच्या पायाला बांधलेल्या ताणस्प्रिंगला. पेडलचा दांडा ४५० मिमी लांब, बिजागरी मागे, साखळी बिजागरीपासून ३०० मिमीवर. पाय १५० मिमी खाली गेला की साखळी १०० मिमी ओढली जाते. फ्रीव्हीलचा साखळीवरचा परीघ २२८.६ मिमी, म्हणजे एका किकेत चाक १५५ अंशांच्या आसपास फिरतं. नुसतं डेड सेंटर ओलांडायला २५ मिमी साखळी पुरते. बाकीची ओढ वेग द्यायला. पायाचा २० किलोचा दाब साखळीवर ३० किलो होतो आणि शाफ्टला सुमारे ११ न्यूटन-मीटर मिळतात. चाक कुठेही अडलेलं असो, एका दमदार किकेत ते मिनिटाला ३० ते ४० च्या वेगाने निघतं आणि स्वतःहून दोनेक फेरे मारतं.

हे दोन फेरे महत्त्वाचे, कारण किक आणि पायपट्टी एकाच पायाने वापरायची असते. सुरुवातीला किकपेडल डाव्या पायासाठी ठेवलं होतं. ते चुकीचं ठरलं. उजवा पाय पट्टीवर आणि डावा किकवर असेल तर उभं राहायचं कशावर? मग सगळं वजन पट्टीवर पडतं, क्रँकवर भार येतो आणि किक जड लागते. आता किकपेडल पायपट्टीच्या डाव्या कडेपासून १२० मिमीवर आहे. डाव्या पायावर उभं राहायचं, उजव्याने किक मारायची, तोच पाय उचलून पट्टीवर. पट्टी खाली जात असताना पाय ठेवा. वर येत असताना ठेवला तर किकेने दिलेला सगळा वेग तिथेच मरतो. आठवडाभरात पायाला सवय होते. मग गाऊज टूलरेस्टवरून हलवावं लागत नाही.

पहिला बिघाड दुसऱ्या महिन्यात. किक मारली की फ्रीव्हील फिरायचं, चाक जागेवरच. बुश शाफ्टला एका ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या, आत बुडणाऱ्या स्क्रूने) धरलं होतं आणि तो शाफ्टवर घसरत होता. शाफ्टवर खळगा पाडून स्क्रू त्यात बसवला, तरी तीन आठवड्यांत पुन्हा तेच. शेवटी बुश आणि शाफ्ट यांतून आरपार ५ मिमीची पिन ठोकली, तेव्हापासून प्रश्न नाही. नव्याने करणाऱ्याने थेट पिन किंवा चावीच घालावी.

दुसरा बिघाड साखळी उतरण्याचा. किक मारून पाय झटकन काढला की पेडल वर उडतं, साखळीला क्षणभर ढील मिळते आणि ती दात सोडते. स्प्रिंगऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावून पाहिली. महिनाभर छान, नंतर ती लांबत गेली. आता स्प्रिंग अशी आहे की पेडल वर असतानाही साखळीवर २ किलोचा ताण राहतो आणि पूर्ण खाली ४ किलोच्या आसपास. पेडल वर जिथे आपटतं तिथे रबराचा तुकडा लावला आहे. फ्रीव्हीलच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या पट्ट्या वाकवून लावल्या, त्यामुळे साखळी बाजूला जाऊच शकत नाही. साखळीच्या लॉकची क्लिप लावताना बंद टोक किकेच्या ओढीच्या दिशेला ठेवा.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी. पावसाळ्यात एके दिवशी किक पोकळ गेली. पिन शाबूत, साखळी जागेवर, तरी चाकाला ओढ नाही. असं झालं की फ्रीव्हील उघडायचं. वरच्या झाकणाला दोन भोकं असतात आणि त्याचे आटे डावे असतात, म्हणजे नेहमीच्या उलट, काट्याच्या दिशेने फिरवून सुटतात. खाली कापड पसरून ठेवा, बारीक गोळ्या सांडतात. आत दोन पंजे, ज्यांना सायकल दुकानात कुत्रे म्हणतात, आणि त्यांच्यामागे केसासारखी बारीक स्प्रिंग. इथे दोन्ही कुत्रे आपल्या खाचेत चिकटून बसले होते. वर भुशाची धूळ आणि ग्रीस यांचा तपकिरी लगदा, कणकेइतका घट्ट. बोटाने ढकलला तर कुत्रा आत गेला आणि आतच राहिला. स्प्रिंगला तेवढा जोरच नसतो. डिझेलमध्ये धुऊन, कोरडं करून, शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब टाकल्यावर पूर्वीसारखं टिकटिकू लागलं. ग्रीस अजिबात भरू नका. लाकडाच्या धुळीत ते विष आहे. आता दर दोन महिन्यांनी धुणं आणि वर जुन्या कापडाचं झाकण.

टिकटिक मात्र कायमची. साखळी फ्रीव्हीलला धरून ठेवते आणि शाफ्ट आत फिरत राहतो, त्यामुळे लेथ चालू असेपर्यंत आवाज येतोच. तेलाने तो मऊ होतो, जात नाही. कातताना पातं लाकडावर कसं लागतंय हे ज्यांना कानाने कळतं, त्यांना हे आधी खुपेल. आवाज नकोच असेल तर एचएफ २०१६ जातीचं एकाच दिशेने पकडणारं बेअरिंग आहे, २० मिमी शाफ्टचं. पण त्याचे रोलर थेट शाफ्टवर पकडतात. शाफ्ट कडक केलेला हवा. साध्या लोखंडी शाफ्टवर रोलर चरे पाडतात आणि मग घसरतात.

खरी मर्यादा वेगळीच आहे. या जोडणीनंतर चाक उलटं फिरत नाही. शाफ्ट मागे गेला की फ्रीव्हील पकडतं, साखळी मागे ओढली जाते आणि पेडल वरच्या रबराला टेकून सगळं अडतं. चुकीच्या लयीत पाय पडून चाक मागे फिरण्याचा प्रकार त्यामुळे बंद झाला, ते चांगलंच. पण फिनिशिंगच्या वेळी लाकूड हाताने मागेपुढे फिरवून पाहायची सवय असेल तर ते जमणार नाही. जोर लावून ३५ किलोचं चाक मागे हिसकलं तर साखळीची कडी तुटू शकते. म्हणून साखळीचं पेडलकडचं टोक आकड्याने अडकवलं आहे. तपासणी करायची असेल तेव्हा आकडा काढून बाजूला. दोन सेकंदांचं काम.

याच कारणाने फ्लायव्हीलवरचं प्रतिवजन कमी करावं लागलं. पायलेथच्या चाकावर एका जागी वजन बोल्टने बांधायची जुनी पद्धत आहे. चाक थांबलं की वजन खाली येतं आणि क्रँक वरच्या डेड सेंटरच्या थोडी पुढे उभी राहते. पद्धत उत्तम, पण तिला चाक दोन्ही दिशांना मोकळं झुलायला हवं. लाकूड सेंटरमध्ये आवळलेलं असताना आणि पट्टा चढलेला असताना घर्षणामुळे ते तसंही झुलत नाही, आणि फ्रीव्हील लावल्यावर तर मागे येऊच शकत नाही. आता वजन फक्त पट्टी आणि रॉडचा भार तोलण्यापुरतं. पट्टी आणि रॉड मिळून क्रँकच्या पिनवर अडीच किलो येतात, ७५ मिमीवर. तेवढ्याला २५० मिमीवर पाऊण किलो पुरतं, क्रँकच्या बरोबर समोर. पूर्वी दीड किलो होतं. ते कमी केल्यावर ९० च्या वर गेल्यावर येणारी लेथची थरथरही कमी झाली.

खर्चाचं म्हणाल तर सायकलचे भाग हजाराच्या आत बसतात, बाकी बुशची आणि वेल्डिंगची मजुरी. लेथ हलका असेल, चाक १०-१२ किलोचं असेल, तर हे करू नका. लाकूडच हाताने पाव फेरा फिरवलं की ते सुटतं. शिलाई मशीनलाही याची गरज नाही, तिथे हातचाक हाताशीच असतं. जड चाक, दोन्ही हात हत्यारात गुंतलेले आणि वारंवार थांबावं लागणारं काम, म्हणजे चॉपस्टिकएवढ्या बारीक कामापेक्षा वाट्या, डबे, लाखकाम, तिथेच किकेचे कष्ट वसूल होतात.

सध्याच्या फ्रीव्हीलमध्ये एका कुत्र्याची धार किंचित गोल झाली आहे. जोरात किक मारली की कधीमधी एक दात सुटतो आणि पायाला हिसका बसतो. नवं फ्रीव्हील आणून ठेवलं आहे. जुनं काढायला त्याचा खाचेचा पाना लागतो, आणि आठ महिन्यांच्या किकांनी ते इतकं आवळलं आहे की पान्याला दोन फुटी पाइप लावल्याशिवाय सुटणार नाही. बुश बसवतानाच आट्यांना थोडं ग्रीस लावायला हवं होतं. ग्रीसची जागा तिथे आहे, आतल्या कुत्र्यांत नाही.