'ऑन द रोड': नेहमीची प्रत, भेंडोळं, की नादच सोडावा?

माझ्या कपाटातल्या जॅक केरुआकच्या 'ऑन द रोड' या अमेरिकन कादंबरीत दोन माणसांच्या खुणा आहेत. निळ्या बॉलपेनाच्या रेघा माझ्या, विशीतल्या. पेन्सिलीच्या फुल्या ताईच्या. काही वर्षांनी तिने पुस्तक वाचायला नेलं आणि कोणी कोणाला मागे टाकून निघून गेलं की समासात एक फुली मारायची, असं ठरवूनच वाचलं. माझ्या रेघा पहिल्या शंभर पानांत दाट आहेत, तिच्या फुल्या पुढे पुढे वाढत जातात. एकदोन ठिकाणी दोन्ही एकाच ओळीवर आहेत.

आता ताईचा मुलगा वीस वर्षांचा झालाय. परवा त्याने दोन मुखपृष्ठांचे फोटो पाठवले. "मामा, घेऊ का? आणि यातलं कुठलं?" एक होती १९५७ साली आलेली कादंबरी आणि दुसरं २००७ साली आलेलं 'द ओरिजिनल स्क्रोल', म्हणजे तिचा मूळ, भेंडोळ्यावरचा मसुदा. फोनवर त्याला घाईत काहीतरी सांगितलं, तेच इथे जरा सावकाश.

भेंडोळ्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. १९५१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये बसून जॅक केरुआकने तीन आठवड्यांत सगळी कादंबरी टाइप केली. कागद बदलायला थांबावं लागू नये म्हणून पातळ कागदाचे लांब तुकडे एकमेकांना चिकटवले आणि त्याचं सुमारे १२० फुटांचं भेंडोळं झालं. परिच्छेद नाहीत, ओळींमध्ये जागा नाही. २००१ मध्ये लिलावात त्याला २४ लाख डॉलरच्या वर किंमत आली. या गोष्टीनेच निम्मी पुस्तकं विकली जात असावीत. पण तिच्या आधीची तीन वर्षं वह्यांमध्ये गेली होती आणि नंतरची सहा वर्षं प्रकाशकांचे नकार आणि पुनर्लेखन यांत गेली, हे कोणी सांगत नाही. शिवाय भेंडोळ्याचं शेवटचं टोक मित्राच्या कुत्र्याने खाल्लं, तशी नोंद केरुआकनेच त्यावर करून ठेवलीय. त्यामुळे २००७ च्या पुस्तकातला शेवट नंतरच्या मसुद्यांवरून जुळवलेला आहे. 'अस्सल' म्हणून घ्याल, तर एवढं माहीत असू द्या.

दोन्हींत फरक काय? नावांचा तर आहेच. कादंबरीतला भटक्या डीन मोरिआर्टी भेंडोळ्यात उघडपणे केरुआकचा मित्र नील कॅसडी आहे आणि कार्लो मार्क्स म्हणजे कवी ॲलन गिन्सबर्ग. (हाच गिन्सबर्ग १९६२ च्या फेब्रुवारीत बोटीने मुंबईत उतरला होता.) शरीरसंबंधांचे उल्लेखही भेंडोळ्यात मोकळे आहेत. पुरुषापुरुषांमधले संबंध तर १९५७ च्या छपाईत जवळजवळ पुसून टाकले गेले, खटल्यांची भीती होती. वडिलांची बहीण की आईची, हे इंग्रजीत न कळणारी एक 'आँट' कादंबरीत आहे, जी गोष्ट सांगणाऱ्या सॅलचे पैसे संपले की पाठवते. मराठी वाचक लगेच अडतो, आत्या की मावशी? भेंडोळ्यात उत्तर मिळतं, ती सरळ त्याची आई आहे.

पण माझ्या मते मोठा फरक पहिल्याच वाक्यात आहे. छापील कादंबरी सांगते, बायकोपासून वेगळा झालो त्यानंतर थोड्याच दिवसांत डीन भेटला. भेंडोळं सांगतं, वडील गेले त्यानंतर थोड्याच दिवसांत नील भेटला. बायको आणि वडील! दोन्ही वाचनांत शेवटी डीनचा बाप येतो, डेन्व्हरचा दारुडा, ज्याला हे दोघे शोधत राहतात आणि जो सापडत नाही. भेंडोळं वाचलं की कळतं, बाप पहिल्या ओळीपासून तिथे होता. कादंबरीत ते दुःख झाकलंय, म्हणून ती नुसती उनाडकी वाटण्याचा धोका जास्त.

तरी भाच्याला मी १९५७ ची घे म्हणालो. कारण अगदी व्यवहारी आहे. भेंडोळ्याच्या पुस्तकात आधी चार लांब अभ्यासलेख, मग न थांबणारा मजकूर. बसमध्ये वाचणाऱ्याला खूण ठेवायला जागा नाही. संपादक माल्कम कौलीने हजारो नको ते स्वल्पविराम घुसडले अशी केरुआकची तक्रार होती, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते स्वल्पविराम उपकारासारखे वाटतात. आवडली तर भेंडोळं दुसऱ्या वेळी वाचा. आवडली नाही तर भेंडोळ्याने आवडणार नाही, हे लिहून देतो.

आता खरा प्रश्न. घ्यावीच का?

भांडण पहिल्याच आठवड्यापासूनचं आहे. ५ सप्टेंबर १९५७ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये गिल्बर्ट मिलस्टीनने ती डोक्यावर घेतली. नेहमीचा समीक्षक रजेवर होता, म्हणून पुस्तक त्याच्या हातात पडलं. तीनच दिवसांनी त्याच वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुस्तक पुरवणीने बराच हात आखडता घेतला. लेखक ट्रुमन कपोटीने हे लेखन नव्हे, टायपिंग आहे असं म्हटलं, ते वाक्य आजही न वाचणारेच जास्त वापरतात. मला काळा लेखक जेम्स बाल्डविन याचा राग जास्त महत्त्वाचा वाटतो. तिसऱ्या भागात सॅल डेन्व्हरच्या काळ्या वस्तीतून संध्याकाळी फिरताना आपणही काळे असतो तर, म्हणून हळहळतो. बाल्डविनने १९६१ मध्ये लिहिलं की हा मूर्खपणा आहे आणि अपमानकारक मूर्खपणा आहे, हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या अपोलो थिएटरमध्ये हे मोठ्याने वाचून दाखवावं लागलं तर केरुआकच्या जागी मी नसलेला बरा. मी त्याच परिच्छेदाखाली विशीत दोन रेघा ओढल्या होत्या. आज खोडरबराने गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्यांना पुस्तक आवडतं ते बहुतेक पहिल्या भागाबद्दल बोलतात. सॅल नकाशावर एकच लाल रेघ बघतो, रूट ६, आणि त्याच रस्त्याने पश्चिमेला जायचं ठरवतो. पहिल्याच दिवशी बेअर माउंटनपाशी पावसात भिजत उभा राहतो आणि कोणी लिफ्ट देत नाही. शेवटी न्यूयॉर्कला परत येऊन शिकागोची बस पकडतो. पुढे नेब्रास्कात मिनेसोटाच्या दोन शेतकरी भावांचा उघडा ट्रक, त्यात पडून निघालेली सहासात भणंग पोरं आणि रात्रीचं आभाळ. प्रवास या शब्दाने पोटात काही हलत असेल, तर ही पानं हलवतात.

ज्यांना ते आवडत नाही ते बायकांकडे बोट दाखवतात आणि त्यांचं चुकत नाही. टेरी नावाची मेक्सिकन मुलगी सॅलला लॉस एंजेलिसच्या बसमध्ये भेटते. तिला एक लहान मुलगा आहे. तिघं तंबूत राहतात, कापूस वेचतात. शंभर पौंडांना तीन डॉलर. त्याची बोटं फुटून रक्त येतं आणि ती दोघं त्याच्यापेक्षा भराभर वेचत पुढे जातात. ऑक्टोबरच्या थंडीत तो निघून जातो. ती न्यूयॉर्कला येईल असं दोघं म्हणतात, दोघांनाही ठाऊक असतं की येणार नाही. इथे ताईची फुली इतकी दाबून मारलीय की मागच्या पानावर उमटलीय. टेरी खरी होती, तिचं नाव बी फ्रँको. टिम हर्नांडेझ या लेखकाने तिला शोधून काढलं तोवर आपण एका गाजलेल्या कादंबरीत आहोत हे तिला माहीतही नव्हतं. तिच्यावरची त्याची कादंबरी २०१३ साली आली.

मात्र इथे मी ताईशी थोडा भांडतो. तिचं म्हणणं, पुस्तकाला डीन कसा आहे ते दिसतच नाही. मला वाटतं दिसतं, फक्त उशिरा. तिसऱ्या भागात गॅलाटिया डंकेल, जिला नवऱ्याने पैसे संपल्यावर टुसॉनच्या हॉटेलात सोडून दिलं होतं, ती सगळ्यांसमोर डीनला झापते. तू फक्त स्वतःचा आणि स्वतःच्या मजेचा विचार करतोस, असं. डीनचा अंगठा बँडेजमध्ये, पहिल्या बायकोला, मेरीलूला, मारताना मोडलेला. तो गप्प उभा असतो. सॅल मनातल्या मनात त्याला संत बनवतो, हे खरं, पण गॅलाटियाचं बोलणं पुस्तकाने कापलेलं नाही. चौथ्या भागाच्या शेवटी मेक्सिको सिटीत सॅल हगवणीने तापलेला असताना डीन त्याला तसाच टाकून निघून जातो. बरा झाल्यावर सॅलला कळतं की हा किती नीच आहे, आणि पुढच्याच क्षणी तो त्याला समजूनही घेऊ लागतो. त्या ओळीवर रेघही आहे आणि फुलीही.

म्हणून सल्ला असा: पहिल्या भागात ठेवून द्यावीशी वाटली, तरी तिसऱ्यापर्यंत थांबा. तिथेही डीनचा कंटाळाच आला तर सोडा, पुस्तक तुमचं नाही. 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर ज्यांना असह्य होतो आणि ज्यांना तोच पाठ असतो, तशीच ही विभागणी आहे, वयाशी थोडी आणि स्वभावाशी जास्त जोडलेली.

आणि अमेरिकेचा रस्ताच हवा असेल, डीन नको असेल, तर जॉन स्टाइनबेक या लेखकाचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'. १९६० मध्ये ५८ वर्षांचा हा म्हातारा आपला पूडल जातीचा कुत्रा घेऊन ट्रकने देश फिरतो. ती कादंबरी नाही, आणि त्यातले संवाद किती खरे यावर पुढे वाद झाला, पण माणूस सोबतीला चांगला आहे.

भाच्याने शेवटी काहीच विकत घेतलं नाही. ताई म्हणाली, "घरात आहे ते ने की, पैसे कशाला घालवतोस." तो आमची रेघाफुल्यांची प्रतच घेऊन गेला. काल रात्री मेसेज आला: "मामा, हा माणूस नुसतं आइस्क्रीम घालून ॲपल पाय खात सुटलाय." म्हणजे आयोवापर्यंत पोचला.