गप्प राहून दुरुस्ती की माफी मागून?

ऑगस्ट २०१६मध्ये आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एकमेकांना भेटू शकतील, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात भेटताच येईना, आणि तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सने तोंड मिटलं. खरा मल्टिप्लेअर, म्हणजे एकत्र खेळण्याचा प्रकार, २०१८ साली मिळाला, तोही फुकट अपडेटमधून.

सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’ या गेमचा गाजावाजा त्याहून मोठा. डिसेंबर २०२०मध्ये तो प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर इतका अडखळत होता की सोनीने आठ दिवसांत आपल्या स्टोअरवरून काढला. समीक्षकांना आधी फक्त त्यामानाने बरी चालणारी पीसीची आवृत्ती दिली होती. ही लपवाछपवी मला सगळ्यात जास्त खुपते. पण कंपनीने पैसे परत देऊ केले, जानेवारीत तिच्या सहसंस्थापकाने कॅमेऱ्यासमोर माफी मागितली, दुरुस्त्यांचं वेळापत्रकही दिलं.

पैसे भरलेल्याला आधी उत्तर हवं असतं, म्हणून माझ्या मते संवादात सीडी प्रोजेक्ट उजवी. आगाऊ नोंदणी मात्र दोघांकडेही नको.