‘ऑन बॅलन्स’: लीला सेठ यांचे आत्मचरित्र

भारतातील एखाद्या राज्याच्या उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदी बसलेल्या पहिल्या महिला, म्हणून लीला सेठ यांचे नाव घेतले जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे हे इंग्रजी आत्मचरित्र मी त्या पदासाठीच वाचायला घेतले. पुस्तकाचा खरा ऐवज मात्र त्याआधीच्या वकिलीच्या वर्षांत सापडला.

लंडनच्या बॅरिस्टर परीक्षेत वयाच्या २७ व्या वर्षी, घरी तान्हे मूल असताना, त्या सर्वप्रथम आल्या. त्याआधी हा मान कोणत्याही स्त्रीला मिळाला नव्हता. तरीही कलकत्त्यात सचिन चौधरी यांच्याकडे (पुढे हेच केंद्रीय अर्थमंत्री झाले) ज्युनिअर म्हणून काम मागायला गेल्यावर त्यांना आधी लग्न करण्याचा सल्ला मिळाला. लग्न झाले आहे म्हटल्यावर मूल होऊ देण्याचा, एक मूल आहे म्हटल्यावर दुसऱ्याचा; आणि दोन मुले आहेत हे ऐकल्यावर मात्र चौधरींनी हार मानून त्यांना आपल्या चेंबरमध्ये घेतले. सेठ हे सारे कसलाही कढ न काढता सांगतात, त्यामुळे ते अधिक बोचते. पुढे पाटणा उच्च न्यायालयात त्यांनी प्राप्तिकरापासून फौजदारीपर्यंत सर्व प्रकारची प्रकरणे चालवली. वकीलबाई म्हणजे घटस्फोटाचे दावे, ही समजूत आजही पुरती गेलेली नाही, हे लक्षात घेता ही पाने विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावीत.

१९७८ साली त्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. त्याच वर्षी मुंबईत सुजाता मनोहर यांची नेमणूक झाली. ऑगस्ट १९९१ मध्ये सेठ हिमाचल प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या खऱ्या, पण उच्च न्यायालयात निवृत्तीचे वय ६२ असल्याने त्यांना जेमतेम सव्वा वर्ष मिळाले. न्यायदानाविषयी आणखी वाचायला मिळावे, अशी माझी अपेक्षा अपुरी राहिली. कौटुंबिक तपशील काही ठिकाणी कमी करता आला असता.

शिवाय हे आत्मचरित्र २००३ मध्येच थांबते. सेठ सदस्य असलेल्या विधी आयोगाने (कायद्यांत सुधारणा सुचवणारी केंद्र सरकारची संस्था) २००० साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने तसा कायदा १९९४ मध्येच केला होता, देशभर तो २००५ मध्ये, म्हणजे हे पुस्तक निघाल्यावर आला. लैंगिक अत्याचारांविषयीचे कायदे सुधारण्यासाठी नेमलेल्या वर्मा समितीच्या २०१३ च्या अहवालातील त्यांचा वाटाही वाचकाला अन्यत्र शोधावा लागेल.