तोंडात दोनच बोटं गेली!
नागपूरच्या धंतोलीतल्या या दातांच्या दवाखान्यात गेलो होतो दाढ दाखवायला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तीन बोटं उभी घाला तोंडात." दोनच गेली! वीस वर्षांचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, दुसरं काय. सुपारीनं गालाचं आतलं अस्तर आवळत जातं, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. तिथल्याच चपट्या पेशींच्या जनुकांत बिघाड साचला की त्या बेलगाम वाढतात, तळाचा पडदा फोडून मानेतल्या गाठींपर्यंत पोचतात. हा कार्सिनोमा, म्हणजे अस्तराचा कॅन्सर; हाडा-स्नायूंतला कॅन्सर, सार्कोमा, तो वेगळा. मॅडमनी चिठ्ठीमागे चित्र काढून समजावलं. माझ्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासला, कॅन्सर नाही निघाला. अपॉइंटमेंट असून दीड तास बसवलं, म्हणून चारच तारे. अन् दवाखान्याच्या खालीच पानठेला आहे बाप्पा!